‘सँक्शन’चं मराठी करताना

‘सँक्शन म्हणजे मंजुरी’ एवढंच सांगणाऱ्या शब्दयाद्या बाजूला ठेवा. कर्ज आणि रजेपुरतं ते ठीक आहे. पण १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर अमेरिकेने भारतावर सँक्शन्स लादली होती. तिथे ‘मंजुरी’ लिहून बघा.

आधी वचन पाहा. अनेकवचन असेल तर बहुतेक वेळा ‘निर्बंध’.

क्रियापद असेल तर कर्म शोधा. निधी, पद, योजना असेल तर मंजूर केली. देश, बँक, जहाज किंवा माणूस असेल तर त्याच्यावर निर्बंध घातले.

इथवर कुणीही येतं. मी आपटलो तो पुढच्या वळणावर. इंग्रजी बातमीत होतं, अमुक अधिकाऱ्याच्या ‘अगेन्स्ट’ सँक्शन मिळालं. समोर माणूस, त्यात ‘विरुद्ध’. मी बेधडक ‘अधिकाऱ्यावर निर्बंध’ लिहिलं आणि ते तसंच छापून आलं. दुसऱ्या दिवशी एका वकिलांनी फोनवर माझी शिकवणी घेतली. भ्रष्टाचाराच्या खटल्यात सरकारी नोकराविरुद्धच्या आरोपांची न्यायालयाने दखल घेण्याआधी सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा, १९८८ चं कलम १९ तेच सांगतं. फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम १९७ही त्याच जातीचं. आता ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम २१८ म्हणून आलंय. म्हणजे त्या बिचाऱ्यावर निर्बंध वगैरे काही नव्हते, ‘खटला चालवण्यास मंजुरी’ मिळाली होती.

तेव्हापासून ‘अगेन्स्ट’वर माझा काडीचा विश्वास नाही. मी दोनच गोष्टी बघतो: देणारा कोण, आणि आसपास खटला आहे का. वरिष्ठ खातं आणि खटला दिसला की मंजुरी. परका देश किंवा संयुक्त राष्ट्रांची सुरक्षा परिषद दिसली की निर्बंध.

‘पीनल सँक्शन’ म्हणजे शिक्षेची तरतूद, तिथे डोकं खाजवू नका. ‘सोशल सँक्शन’ मात्र समाजमान्यताही असू शकते आणि वाळीत टाकणंही. अख्खा परिच्छेद वाचल्याशिवाय हात लावू नका.

एकाच शब्दात दोन टोकं कशी, म्हणून इंग्रजीला हसू नका. आपलं ‘शासन’ योजना मंजूर करतं आणि आपणच म्हणतो, गुन्हेगाराला कडक शासन झालं पाहिजे.

आणि मथळ्यात ‘सँक्शन’ तसंच ठेवायचा आळस नको. ‘इराणला सँक्शन’ वाचून आमच्या काकांनी विचारलं होतं, ‘किती लाखांचं?’