टाकळा की कासविंदा? खुडायच्या आधी पान नीट बघा

पहिला पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले की रस्त्याकडेला, पडीक रानात भाजीचा टाकळा (विदर्भातला तरोटा) नुसता फुटून येतो आणि त्याच्याच आसपास कासविंदाही उगवतो. दोघंही सेन्ना वंशातले, दोघांची फुलं पिवळी, पान चुरगाळलं की दोघांनाही उग्र वास, त्यामुळे वासावर जाऊ नका. फुलाचा तर प्रश्नच नाही, भाजीला आपण कोवळं रोप खुडतो तेव्हा फूल आलेलंच नसतं.

मग बघायचं काय, तर पान. मधल्या दांडीवर समोरासमोर पानांच्या जोड्या असतात, टाकळ्याला बहुतेक तीन, आणि प्रत्येक पान टोकाकडे रुंद, गोलसर. कासविंद्याला चार ते सहा जोड्या आणि पान टोकाला निमुळतं होत गेलेलं. पण अगदी लहान रोपाला जोड्या कमीच असतात, म्हणून नुसतं मोजून थांबू नका, गाठ शोधा. माझ्या मते हीच सगळ्यात पक्की खूण. टाकळ्याची गाठ बारीक काडीसारखी, सगळ्यात खालच्या जोडीच्या दोन पानांच्या मधोमध उभी असते (कधी त्याच्या वरच्या जोडीतही दिसते), आणि कासविंद्याची गाठ फुगीर, गडद, देठ खोडाला चिकटतो तिथेच अगदी बुडाशी. डोळ्यांना नाही दिसली तर मोबाईलचा कॅमेरा झूम करा, लगेच कळतं.

पुढे शेंगा आल्या की फारसा गोंधळ उरत नाही, टाकळ्याची शेंग बारीक, लांब, कोयत्यासारखी वाकलेली आणि कासविंद्याची चपटी, वर तोंड केलेली, कडा फिकट.

एवढं बारकाईने सांगतोय कारण कासविंद्याच्या बिया विषारी आहेत. पश्चिम उत्तर प्रदेशात वर्षानुवर्षं लहान मुलं अचानक आजारी पडून दगावत होती, सगळे मेंदूज्वर समजत होते, आणि 2007 च्या सुमारास अभ्यासातून पुढे आलं की खेळताना कासविंद्याच्या बिया खाल्ल्याने यकृत, स्नायू आणि मेंदू तिन्हीवर परिणाम होत होता. त्यामुळे अंगणात, शाळेच्या कुंपणाला कासविंदा दिसला तर शेंगा धरायच्या आधीच मुळासकट उपटून टाका, आणि मुलं सोबत असतील तर त्यांनाही ती बुडाची गाठ दाखवा.

टाकळा खुडताना शक्यतो हायवेकडेचा किंवा तणनाशक मारलेल्या बांधावरचा घेऊ नका, आतल्या रानातला कोवळा शेंडा घ्या.