गंगापूर धरणात शिडाची होडी नांगरताना

नाशिककरांनो, गंगापूर धरणाच्या गाळात रुंद, चपट्या पात्यांचा डॅनफोर्थ नांगर घ्या. चार हुकांचा घडीचा नांगर स्वस्त आणि सुटसुटीत असतो, पण तो खडकात अडकतो. गाळात नुसता घसरतो.

नांगराला थेट दोर बांधू नका. मध्ये निदान होडीच्या लांबीएवढी साखळी हवी. तिच्या वजनाने ओढ आडवी राहते, पाती खोल रुततात. ओढ वरून आली की नांगर उपटलाच! पाणी 6 मीटर आणि होडीचं टोक 1 मीटर वर असेल, तर 7 च्या पाचपट, म्हणजे साखळी-दोर मिळून 35 मीटर सोडा. वारा वाढला तर सातपट, म्हणजे 49 मीटर. शॅकलची, म्हणजे नांगर आणि साखळी जोडणाऱ्या कडीची, पिन तारेने बांधायला विसरू नका, ती हळूहळू सैल होते.