वेब डिरेक्टरीत संकेतस्थळाचा पत्ता बदलून घेताना या चुका टाळा

संकेतस्थळ नव्या डोमेनवर हलवल्यानंतर ईमेल, छापील पत्रके, समाजमाध्यमांवरील पाने यांवरचा पत्ता लवकर बदलला जातो. स्वयंसेवकांनी सांभाळलेल्या वेब डिरेक्टरीतील, म्हणजे संकेतस्थळांच्या विषयवार यादीतील, नोंद मात्र बऱ्याचदा तशीच राहते. १९९८ मध्ये सुरू झालेला आणि पुढे डीमॉझ या नावाने ओळखला गेलेला ओपन डिरेक्टरी प्रोजेक्ट मार्च २०१७ मध्ये बंद झाला, पण त्याचे काम कर्ली ही डिरेक्टरी पुढे चालवत आहे, आणि एखाद्या विषयापुरत्या मर्यादित अशा लहान डिरेक्टरीही आहेत. या ठिकाणी पत्ता बदलण्याचा निर्णय बिनपगारी काम करणारा एखादा संपादक स्वतः दोन्ही पत्ते उघडून पाहिल्यावर घेतो. त्यामुळे अर्ज रखडला तर बहुतेक वेळा त्याचे कारण एकच असते: दोन्ही पत्ते एकाच मालकाचे आहेत, याची खात्री त्याला करून घेता आलेली नसते.

ही खात्री अशक्य करून टाकणारी सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे जुना पत्ता आधी बंद करणे आणि अर्ज नंतर पाठवणे. संपादक प्रथम नोंदीतील जुना दुवा उघडतो. तो थेट नव्या पत्त्यावर गेला, तर जुन्या डोमेनचा ताबा असलेल्या व्यक्तीनेच हा बदल केला आहे, हे तिथेच सिद्ध होते आणि काम काही मिनिटांत उरकते. दुवा उघडलाच नाही, तर दुसऱ्याची नोंद आपल्याकडे वळवू पाहणारा कोणी असा अर्ज करत नसेल कशावरून, हा प्रश्न त्याला पडतो आणि तो पडायलाच हवा. म्हणून स्थलांतर कायमचे असल्याचे सांगणारे ३०१ क्रमांकाचे रीडिरेक्ट (जुना पत्ता उघडणाऱ्याला आपोआप नव्या पत्त्यावर नेणारी सूचना) सर्व्हरवर आधी लावावे. तात्पुरत्या बदलासाठी असलेले ३०२ लावल्यास वाचक नव्या पानावर पोहोचतो खरा, परंतु जुना पत्ता पुन्हा वापरात येणार आहे असा त्याचा अर्थ होतो. नोंद आतल्या एखाद्या पानाची असेल, तर ते पान नव्या ठिकाणच्या त्याच पानाकडे वळवावे. सगळे दुवे मुखपृष्ठावर आणून सोडले की नोंदवलेला मजकूर अजून अस्तित्वात आहे की नाही, हे संपादकाला शोधत बसावे लागते.

जुन्या डोमेनचे नूतनीकरण थांबवण्याची घाईही याच चुकीचा भाग आहे. डॉट कॉमसारख्या डोमेनची मुदत संपून ते रद्द झाल्यावर साधारण ३० दिवस मूळ मालकाला जादा शुल्क भरून ते परत घेता येते, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत ते कोणालाही नोंदवण्यासाठी खुले होते. नव्या मालकाने तेथे जुगाराच्या जाहिराती लावल्या, तर संपादक ती नोंद काढून टाकेल आणि मग बदलण्यासाठी नोंदच उरणार नाही. रीडिरेक्ट किमान एक वर्ष ठेवावे, असे गूगल सांगते. डिरेक्टरीच्या बाबतीत नोंद प्रत्यक्ष बदलेपर्यंत ते ठेवणे मला आवश्यक वाटते. डोमेन आधीच हातचे गेले असेल, तर ते अर्जात स्पष्ट लिहावे आणि संकेतस्थळांच्या जुन्या प्रती जपून ठेवणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हवरील जुन्या पानाची प्रत, दोन्हीकडे सारखे असलेले संस्थेचे नाव आणि संपर्काचा तपशील असा पडताळता येणारा पुरावा द्यावा.

दुसरी चूक म्हणजे नवा पत्ता नवीन संकेतस्थळ म्हणून सुचवणे. असा अर्ज नव्या सूचनांच्या रांगेत जातो, जुनी नोंद जागेवरच राहते, आणि तपासणीत एकच मजकूर दोन पत्त्यांवर दिसल्यामुळे सूचना फेटाळली जाण्याचा संभव असतो. आधी आपली नोंद नेमक्या कोणत्या वर्गात आहे ते शोधावे (विषय आणि प्रदेश अशा दोन वर्गांत ती असू शकते) आणि तिथूनच नोंद अद्ययावत करण्याचा अर्ज भरावा.

अर्जातील कारणाचा रकाना अनेक जण रिकामा सोडतात किंवा त्यात ‘कृपया लवकर बदलावे’ एवढेच लिहितात. त्याऐवजी असे लिहावे: ‘संस्थेचे नाव व मजकूर तोच आहे. केवळ डोमेन बदलले आहे. जुना पत्ता ३०१ रीडिरेक्टने नव्या पत्त्यावर जातो. हा अर्ज नव्या डोमेनवरील ईमेलवरून पाठवला आहे.’ काय तपासायचे, हे संपादकाला या चार वाक्यांतून कळते.

पत्ता बदलताना वर्णनही चकचकीत करून घेण्याचा मोह आवरावा. ‘अग्रगण्य’, ‘सर्वोत्तम’ असे शब्द संपादक काढूनच टाकतो, आणि साध्या दुरुस्तीचे रूपांतर संपूर्ण फेरतपासणीत होते. संकेतस्थळाचे स्वरूप खरोखरच बदलले असेल, तरच तटस्थ भाषेत नवे वर्णन सुचवावे.

पत्ता लिहितानाही चुका होतात. पत्ता एचटीटीपीएसने सुरू होणाऱ्या अंतिम रूपात द्यावा, त्याच्या शेवटी प्रश्नचिन्हानंतर येणारी, वाचक कुठून आला याचा माग काढणारी अक्षरे नसावीत, आणि लॉगिन न केलेल्या ब्राउझरमध्ये तो उघडून पाहावा. काम अपुरे असलेले संकेतस्थळ तपासणीसाठी पाठवू नये.

अर्ज गेल्यानंतर तो पुन्हा पुन्हा पाठवू नये. काही डिरेक्टरींत नवा अर्ज जुन्याची जागा घेतो आणि तारीखही नवी पडते, म्हणजे रांगेतला क्रमांक स्वतःच्याच हाताने मागे जातो. तपासणीला ठरलेली मुदत नसते. अनेक लहान वर्गांना स्वतंत्र संपादकही नसतो, आणि तिथले काम वरच्या वर्गाचा संपादक सवडीने पाहतो. काम लवकर व्हावे म्हणून पैसे देऊ करणे तर कटाक्षाने टाळावे, कारण त्यातून अर्जदाराच्या हेतूविषयीच शंका निर्माण होते.

नोंद बदलल्यावरही एक काम उरते. डीमॉझची माहिती इतरांना वापरण्यासाठी खुली होती आणि अनेक संकेतस्थळांनी ती उतरवून घेतली होती; अशा प्रती मूळ नोंदीबरोबर आपोआप बदलतीलच असे नाही. जुना पत्ता अवतरणचिन्हांत घालून शोधावा, सापडलेल्या ठिकाणी स्वतंत्रपणे कळवावे, आणि त्या प्रतींवरून जुन्या पत्त्यावर वाचक येत आहेत असे सर्व्हरच्या नोंदींत दिसत असेल तोवर जुन्या डोमेनचे नूतनीकरण करत राहावे.