फुटबॉल क्लबचा इतिहास कसा लिहावा : सुरुवात मैदानाच्या भाड्यापासून

एखाद्या व्यावसायिक फुटबॉल क्लबचा इतिहास मराठीत लिहायला घेतला की पहिला हात जातो तो जिंकलेल्या चषकांच्या यादीकडे. ती यादी बिनचूक असली तरी तिच्यातून इतिहास उभा राहत नाही, कारण संघ कुठल्या जमिनीवर खेळला, ती जमीन कोणाची होती, तिचे भाडे कोण भरत होते आणि सामना पाहायला आलेली माणसे नेमकी कुठे उभी राहत होती, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर तिच्यात नसते. म्हणून लेखाची सुरुवात मैदानापासून करावी, असा माझा आग्रह असतो. ही पद्धत कशी वापरायची ते पुढे लिव्हरपूल क्लब आणि त्याचे घरचे मैदान ॲनफिल्ड यांच्या उदाहरणाने दाखवले आहे. हेच उदाहरण घेण्याचे कारण असे की या क्लबचा जन्मच मुळी भाड्याच्या भांडणातून झाला.

लिहिण्यापूर्वी वहीच्या पानावर उभी रेघ मारून दोन रकाने करावेत. डावीकडे क्लबच्या तारखा लिहाव्यात, उजवीकडे मैदानाच्या, आणि एका रकान्यातली तारीख दुसऱ्यात जाऊ देऊ नये. लिव्हरपूलच्या बाबतीत हे पान भरू लागले की लगेच एक विसंगती दिसते : डावा रकाना १८९२ मध्ये सुरू होतो, उजवा मात्र १८८४ मध्ये. मधली आठ वर्षे कोणाची, हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि ती वर्षे निघतात शेजारच्या, आज कट्टर प्रतिस्पर्धी असलेल्या एव्हर्टन क्लबची. सेंट डॉमिंगो या मेथडिस्ट चर्चच्या मंडळींनी १८७८ मध्ये सुरू केलेला हा संघ पुढच्याच वर्षी एव्हर्टन या नावाने खेळू लागला, आधी स्टॅन्ली पार्कच्या मोकळ्या हिरवळीवर खेळला आणि सप्टेंबर १८८४ मध्ये ॲनफिल्डवर पहिला सामना खेळताना त्याने अर्ल्सटाउन संघाला ५–० असे हरवले. इंग्लंडमध्ये व्यावसायिक खेळाडूंना अधिकृत मान्यता मिळाली १८८५ मध्ये, आणि १८८८ मध्ये बारा क्लबांनी मिळून फुटबॉल लीग सुरू केली तेव्हा त्या बारांत एव्हर्टन होता. १८९१ मध्ये तो लीगचा विजेताही झाला. म्हणजे ॲनफिल्डने पाहिलेले पहिले लीग विजेतेपद लिव्हरपूलचे नव्हेच.

हे दोन रकाने नसले की कसे वाक्य लिहिले जाते ते पाहा : ‘१८९२ मध्ये लिव्हरपूल क्लबची स्थापना झाली आणि क्लबने ॲनफिल्ड येथे आपले मैदान उभारले.’ वाचायला गुळगुळीत, आणि उत्तरार्ध साफ चुकीचा. दुरुस्त वाक्य असे होईल : ‘१८९२ मध्ये एव्हर्टन क्लब ॲनफिल्ड सोडून गेल्यामुळे रिकाम्या पडलेल्या मैदानासाठी त्याच्या मालकाने लिव्हरपूल हा नवा क्लब काढला.’ क्लबसाठी मैदान नव्हे, मैदानासाठी क्लब. कार्यकारणाची दिशा एवढ्या बदलाने उलटी होते.

यानंतरचे काम भाड्याचा माग काढण्याचे. ॲनफिल्डच्या कथेतला मालक म्हणजे जॉन हाउल्डिंग, शहरातला बीअरचा कारखानदार आणि हुजूर पक्षाचा राजकारणी. पुढे तो लिव्हरपूलचा महापौरही झाला. मैदानाजवळच त्याचे सँडन हॉटेल होते आणि एव्हर्टनचे खेळाडू तिथेच कपडे बदलत. वर्षाचे भाडे १०० पौंडांवरून २५० पौंडांवर गेले, मैदानावर खाद्यपेये विकण्याचा हक्क आपल्याकडे राहावा असाही हाउल्डिंगचा हट्ट होता, आणि क्लबच्या सभासदांत फूट पडली. त्याच्या विरोधातल्या गटाचा म्होरक्या जॉर्ज माहन हा चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा होता. इथे लिहिणाऱ्याने जरा थांबावे. भांडण पैशांचे होते, दारूचे होते की राजकारणाचे, असा निवाडा एका ओळीत करण्याचा मोह होतो. पण ज्या माणसाचा कारखाना बीअरचा, पक्ष हुजूर आणि जमीनही त्याचीच, त्याच्याशी झालेल्या तंट्यात हे धागे वेगळे काढता येत नाहीत. तिन्ही गोष्टी मांडाव्यात आणि निकाल वाचकावर सोडावा.

माहनचा गट स्टॅन्ली पार्कच्या पलीकडे गेला आणि १८९२ मध्येच तिथे गुडिसन पार्क हे मैदान उभे राहिले. हाउल्डिंगकडे मैदान उरले, संघ गेला. एव्हर्टन हे नाव आपल्याकडे ठेवण्याचा त्याचा प्रयत्न फसला, तेव्हा त्याने नव्या क्लबला शहराचेच नाव दिले. क्लबचा स्थापनादिन १५ मार्च १८९२ हा मानला जातो. हाउल्डिंगचा सहकारी जॉन मॅकेना याने स्कॉटलंडमधून खेळाडू जमवले आणि १ सप्टेंबर १८९२ रोजी ॲनफिल्डवरच्या पहिल्या सामन्यात रॉदरहॅम टाउनचा ७–१ असा पराभव झाला. पुढच्या हंगामात फुटबॉल लीगच्या द्वितीय विभागात प्रवेश मिळाल्यावर या संघाने २८ सामन्यांत २२ विजय आणि ६ बरोबरी अशी कामगिरी केली, एकही सामना गमावला नाही. सुरुवातीचा पोशाख मात्र निळा-पांढरा होता. लाल रंग काही वर्षांनी आला, आणि सदरा, चड्डी, मोजे सगळेच लाल हा आजचा वेष तर नोव्हेंबर १९६४ मधला, बेल्जियमच्या अँडरलेख्ट संघाविरुद्धच्या सामन्यातला. 

स्टँडच्या नावांकडे वळताना एक नियम पाळावा : नावाचा अर्थ लिहिण्याआधी ते नाव तिथे कसे पोचले ते शोधावे. गोलमागचा प्रसिद्ध ‘कॉप’ हे ‘स्पायन कॉप’चे लघुरूप आहे. स्पायन कॉप ही दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीतली टेकडी असून नावाचा अर्थ टेहळणीची टेकडी असा होतो. जानेवारी १९०० मध्ये बोअर युद्धात तिथे लँकेशायरच्या, म्हणजे लिव्हरपूल तेव्हा ज्या परगण्यात होते तिथल्या, पलटणींची मोठी हानी झाली. १९०६ मध्ये लिव्हरपूलने दुसऱ्यांदा लीग जिंकली आणि त्याच वर्षी मैदानाच्या त्या टोकाला प्रेक्षकांना उभे राहण्यासाठी मोठा उतार बांधला गेला, तेव्हा स्थानिक वृत्तपत्राचा क्रीडा संपादक अर्नेस्ट एडवर्ड्स याने त्याला त्या टेकडीचे नाव सुचवले. मराठी वाचकासाठी या जागी एक ओळ हक्काने घालावी, कारण त्याच लढाईत जखमींना डोल्यांवरून वाहून नेणाऱ्या भारतीय पथकाचे संघटक होते मोहनदास करमचंद गांधी. मात्र ‘फुटबॉलमधला पहिला कॉप’ असे लिहू नये. लंडनच्या आर्सेनल क्लबच्या जुन्या मैदानावरच्या उताराला हे नाव त्याआधीच पडले होते. ‘पहिला’ हा शब्द लेखात आला की त्याखाली पेन्सिलने रेघ ओढावी आणि पुरावा हाती लागेपर्यंत ती पुसू नये.

कॉपच्या कोपऱ्यावर एक उंच निशाणकाठी उभी आहे. ती मुळात ‘ग्रेट ईस्टर्न’ या महाकाय आगबोटीची डोलकाठी होय. इंग्रज अभियंता ब्रुनेल याच्या आराखड्यानुसार बांधलेली ही आगबोट मर्सी नदीच्या काठी मोडीत काढली गेली आणि तिच्या डोलकाठीचा वरचा भाग नदीपार करून मैदानावर आणला गेला. हेच जहाज १८७० मध्ये मुंबईच्या बंदरात आले होते आणि मुंबई ते एडन ही समुद्राखालची तारायंत्राची केबल त्यानेच टाकली होती. अशा वस्तूंसाठी मैदानाचा इतिहास लिहिणाऱ्याने वहीत वेगळे पान ठेवावे. चषकांपेक्षा त्या पुष्कळदा अधिक बोलक्या निघतात.

आकड्यांच्या बाबतीत प्रत्येक आकड्याला तारीख आणि जात चिकटवावी, म्हणजे तो एका दिवशीच्या गर्दीचा आहे की क्षमतेचा, उभ्या प्रेक्षकांचा आहे की बसलेल्यांचा, हे त्याच वाक्यात सांगावे. ॲनफिल्डवरची विक्रमी गर्दी ६१,९०५ आहे. ती २ फेब्रुवारी १९५२ रोजी वुल्व्ह्‌ज संघाविरुद्धच्या एफए चषकाच्या, म्हणजे इंग्लंडच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेतल्या, सामन्याला जमली होती आणि तिच्यातले बहुतेक लोक उभे होते. २०१६ मध्ये मुख्य स्टँड वाढवल्यावर आसनक्षमता सुमारे ५४ हजार झाली आणि ॲनफिल्ड रोडकडचा स्टँड वाढवल्यावर ती ६१ हजारांच्या थोडी वर गेली. एवढा खर्च आणि एवढे पोलाद घालूनही मैदान १९५२ च्या त्या दुपारपेक्षा काकणभर लहानच आहे, हे दोन्ही आकडे शेजारी ठेवल्याशिवाय लक्षात येत नाही.

लोक उभ्याचे बसते का झाले, याचे उत्तर दुसऱ्याच शहरात सापडते, आणि उजव्या रकान्यात अशा बाहेरच्या घटनांनाही जागा द्यावी लागते. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर एफए चषकाच्या उपांत्य सामन्यात लिव्हरपूलचे पाठीराखे लोखंडी जाळीच्या बंदिस्त भागात चेंगरले. त्या दिवशी ९४ जण गेले, चार दिवसांनी आणखी एक, १९९३ मध्ये शहाण्णवावा आणि २०२१ मध्ये सत्त्याण्णवावा. म्हणून जुन्या मजकुरात ९६ आणि नव्यात ९७ दिसतात, आणि त्या त्या काळापुरते दोन्ही बरोबर आहेत. या प्रकरणी समकालीन बातमी म्हणजे पुरावा, हा समजही सोडावा लागतो. प्रेक्षकांवर दोष ढकलणारा मजकूर पोलिसांकडून आणि काही वृत्तपत्रांतून पसरला, तर १६४ पोलिसांच्या जबान्या बदलल्या गेल्याचे स्वतंत्र समितीने २०१२ मध्ये उघड केले आणि २०१६ मध्ये ज्यूरीने हे मृत्यू बेकायदा मनुष्यवध असल्याचा निर्णय दिला. या दुर्घटनेची चौकशी करणारे न्यायमूर्ती टेलर यांच्या जानेवारी १९९० च्या अहवालानंतर वरच्या विभागांतल्या मैदानांना सर्व प्रेक्षकांसाठी आसने करणे भाग पडले. कॉपवर उभे राहून पाहिलेला शेवटचा सामना ३० एप्रिल १९९४ चा. नॉरिचने तो १–० असा जिंकला. आसने बसल्यावर त्या स्टँडची क्षमता बारा हजारांच्या आसपास आली.

मैदानाच्या भिंतीबाहेर राहणाऱ्यांचा शोध बहुतेक लेखांत राहून जातो. ॲनफिल्ड दाट वस्तीत असल्यामुळे त्याची प्रत्येक वाढ कोणाच्या तरी घरावर आली. केमलिन रोडकडचा स्टँड उंच करायचा म्हणून क्लबने तिथली घरे एकेक करून विकत घेतली, पण दोन वृद्ध बहिणींनी आपले घर विकायला नकार दिला आणि बांधकाम वर्षानुवर्षे अडून राहिले. त्या १९९० मध्ये राजी झाल्या, आणि दुमजली स्टँड १ सप्टेंबर १९९२ रोजी, म्हणजे पहिल्या सामन्याला बरोबर शंभर वर्षे झाली त्या दिवशी, खुला झाला. आज त्याला क्लबचे माजी खेळाडू आणि व्यवस्थापक केनी डॅल्ग्लिश यांचे नाव आहे. आपल्या लेखाच्या मैदानाचे जुने नकाशे मिळाले तर पुसली गेलेली रस्त्यांची नावे आधी टिपून घ्यावीत.

एवढे झाल्यावर चषकांची यादी काढावी, आणि प्रत्येक वर्षापुढे तो चषक कुठे ठरला त्या जागेचे नाव लिहावे. लिव्हरपूलचे पहिले लीग विजेतेपद १९०१ मध्ये वेस्ट ब्रॉमविचच्या मैदानावर नक्की झाले. १९८९ मध्ये हिल्सबरोमुळे पुढे ढकललेला शेवटचा सामना २६ मे रोजी ॲनफिल्डवर झाला. दोन गोलांनी हरलो नाही तर विजेतेपद आपले, अशी लिव्हरपूलची स्थिती असताना प्रतिस्पर्धी आर्सेनलच्या मायकल टॉमसने भरपाई वेळेत दुसरा गोल केला आणि विजेतेपद आर्सेनलकडे गेले. १९९० मध्ये विजेतेपद ॲनफिल्डवर ठरले. त्यानंतरचे, २०२० मधले, लिव्हरपूल खेळतच नसताना चेल्सीने मँचेस्टर सिटीला हरवल्यामुळे लंडनमध्ये ठरले, आणि जुलैमध्ये करंडक उंचावला गेला तेव्हा महासाथीमुळे कॉप रिकामा होता. २७ एप्रिल २०२५ रोजी टॉटनहॅमविरुद्ध ५–१ असा विजय मिळाला, आणि घरच्या प्रेक्षकांदेखत ॲनफिल्डवर लीग जिंकण्याचा योग पस्तीस वर्षांनी आला.