परदेशी स्ट्रायकर गोल करेनासा झाला की भांडायचं कसं

सेलूला मोंढ्याच्या वळणावर आमचं कृषी सेवा केंद्र आहे. जून संपता संपता दुकानात जी गर्दी होते, तिच्यातल्या निम्म्या लोकांचं एकच वाक्य असतं, "मालक, बी उगवलंच नाही." सप्टेंबरात शनिवारी रात्री शटर अर्धं ओढून त्याच काउंटरपुढं आम्ही पाच-सहा जण लंडनच्या आर्सेनल या फुटबॉल क्लबची मॅच बघत बसतो, तेव्हाही तेच वाक्य कानावर येतं. फक्त बियाणं बदललेलं असतं. दोन्ही तक्रारींचा पंचनामा एकाच रीतीनं करायचा असतो, हे मला 2025 च्या पावसाळ्यात उमगलं. ती रीत इथं सांगतो. आर्सेनलचे नसाल तरी चालेल, कारण स्ट्रायकर, म्हणजे गोल मारायला पुढं ठेवलेला गडी, सगळ्यांचेच आटतात.

आमचं प्रकरण व्हिक्टर ग्योकेरेसचं. स्वीडनचा गडी, जुलै 2025 मध्ये पोर्तुगालातल्या लिस्बनच्या स्पोर्टिंग क्लबकडून आर्सेनलला आला. तिथं त्यानं दोन हंगामांत 102 सामन्यांत 97 गोल केलेले. (आडनाव हंगेरियन आहे आणि त्या भाषेत त्याचा अर्थ 'मुळं असलेला' असा होतो. बियाणंवाल्याला आणखी काय पाहिजे!) ऑगस्टमध्ये लीड्सविरुद्ध दोन, 13 सप्टेंबरला नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध एक, आणि त्यानंतर थेट 21 ऑक्टोबरपर्यंत क्लबसाठी भोपळा. त्याच दिवसांत इकडं मराठवाड्यात अतिवृष्टी. माणसं गुडघाभर पाण्यातून सोयाबीन बघून यायची, अंगावरचा चिखल तसाच, आणि बसल्या बसल्या पहिला राग त्या स्वीडिश माणसावर काढायची.

पहिलं काम वादाच्या आधीचं आहे. पावती जपून ठेवा. बियाण्याची तक्रार करायची तर पिशवी, टॅग, बिल आणि मूठभर बी शिल्लक लागतं, नाहीतर तालुक्याची समिती शेतात येऊन करणार काय? तसं खेळाडू आला त्या आठवड्यात कोण काय बोललं ते तारखेनिशी लिहून ठेवा. आमच्याकडं उधारीच्या वहीचं शेवटचं पान त्यासाठी राखलेलं आहे. शेजारचा आडत्या, जो ऑक्टोबरात "मी पहिल्यापासून सांगत होतो" म्हणून टेबल बडवत होता, त्यानं जुलैत स्वतःच्या हातानं लिहिलेलं, 'लीगमध्ये 25 पक्के.' (लीग म्हणजे इंग्लंडमधली प्रीमियर लीग.) पान उघडून त्याच्यापुढं सरकवलं. तीन मिनिटं शांतता मिळाली. मोंढ्यात तीन मिनिटं म्हणजे पुष्कळ. माझाही आकडा त्याच पानावर आहे, तो इथं सांगण्यासारखा नाही.

आता मुख्य काम. उगवलं नाही म्हणणाऱ्या शेतकऱ्याला मी विचारतो, "उकरून बघितलं का?" दहातले आठ जण बघत नाहीत. तास, म्हणजे पेरलेली ओळ, हातानं उकरायचं. बी सापडलंच नाही, तर तिफणीचं नळं तुंबलं होतं; बी पडलंच नव्हतं. बी सापडलं पण सडलेलं, तर बियाण्याची उगवणशक्ती नाहीतर जास्तीचं पाणी. आणि मोड आलेला, पण वर येताना वाकून अडकलेला, तर खोल पेरलं किंवा पावसानं वर कडक पापुद्रा धरला. शेतात दिसतं एकच, रिकामं तास. पण कारणं तीन आणि तिन्हींचे जबाबदार वेगळे.

स्ट्रायकरचंही असंच उकरायचं. वहीत तीन रकाने पाडा. पहिल्यात, पळाला पण चेंडू आलाच नाही. दुसऱ्यात, आला आणि त्यानं वाया घालवला. तिसऱ्यात, त्यानं आपलं काम केलं पण गोलकीपर, खांब किंवा रेफ्री आडवा आला. प्रत्येक हाफमधली वीस मिनिटं चेंडू सोडून फक्त त्याच्याकडं बघा. हे मोबाइलवर जमत नाही. टीव्ही लावा. तिथंही कॅमेरा चेंडूच्या मागं जातो आणि स्ट्रायकर बऱ्याचदा पडद्याच्या बाहेरच असतो. खूण एवढीच की, क्रॉस, म्हणजे बाजूनं गोलसमोर टाकलेला चेंडू, येतो तेव्हा तो गोलपुढच्या पेनल्टी बॉक्समध्ये कुठून शिरतो, डिफेंडरच्या पुढून की मागून, ते टिपायचं. मिडफिल्डरनं, म्हणजे मधल्या फळीतल्या खेळाडूनं, मान वर करून त्याला बघितलं का, तेही टिपायचं. पहिल्या दिवशी डोळे दुखतात. तिसऱ्या मॅचला सवय होते आणि मग साधी मॅच बघणं बेचव लागतं, ही या धंद्याची खोट.

ग्योकेरेसच्या त्या कोरड्या काळात आमच्या तिसऱ्या रकान्यात काय आलं? 28 सप्टेंबरला न्यूकॅसलमध्ये गोलकीपर पोपनं त्याला पाडलं, रेफ्रीनं पेनल्टी (समोर फक्त गोलकीपर ठेवून मारायचा फटका) दिली आणि व्हीएआरनं, म्हणजे व्हिडिओ बघणाऱ्या रेफ्रीनं, ती काढून घेतली. 1 ऑक्टोबरला ऑलिंपियाकोसविरुद्ध त्याचा फटका खांबाला लागून परतला आणि त्याच्याच संघातल्या मार्तिनेल्लीनं तो आत ढकलला. गोल मार्तिनेल्लीच्या खात्यावर. तीन दिवसांनी वेस्ट हॅमविरुद्ध पेनल्टी मिळाली, ती आर्सेनलच्याच साकानं मारली, कारण तेव्हा पेनल्टी साकाचीच असायची. आणि या सगळ्यात संघ जिंकत होता. आडत्याला हे वाचून दाखवलं तर तो म्हणतो, "आरं, पण हा कुठं होता?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर पहिल्या दोन रकान्यांत होतं आणि ते तितकं गोड नव्हतं. चेंडू पाठीवर डिफेंडर घेऊन आला की ग्योकेरेसचा पहिला टच फूटभर उडायचा. दुसरा रकाना भरत होता. हे आपल्या माणसाबद्दल कबूल करायची तयारी नसेल तर वही घेऊन बसूच नका.

पुढची पायरी गुणाकाराची. हे जिल्हा परिषदेच्या शाळेतले आमचे मास्तर शिकवतात, हातात चहा आणि पाठीमागं बिलबुक. समजा एखादा स्ट्रायकर सरासरी दोन सामन्यांत एक गोल करतो. म्हणजे उत्तम खेळाडू. एका सामन्यात त्याचा गोल न होण्याची शक्यता साधारण 60 टक्के (50 नाही, कारण कधी एकाच सामन्यात दोन-तीन पडतात). सलग पाच सामने कोरडे जाण्याची शक्यता काढायची तर 0.6 ला पाचदा गुणायचं. उत्तर साधारण 8 टक्के. म्हणजे फॉर्म जराही न बिघडता, नुसत्या योगायोगानं, बारा-तेरा चांगल्या स्ट्रायकरांमागं एकाचं आत्ता असं चाललेलं असणार. शिवाय 38 सामन्यांच्या हंगामात अशी पाचाची रांग कुठूनही सुरू होऊ शकते, तेव्हा वर्षभरात कधीतरी ती लागण्याचीच शक्यता जास्त.

आडत्या हिशेबाचा पक्का. तो लगेच म्हणाला, "मास्तर, तुम्ही दोन सामन्यांत एक का धरलं? पोर्तुगालात तर हा जवळजवळ सामन्याला एक मारत होता. तो भाव लावा की." लावला. सामन्याला एक या भावानं पाच कोरडे सामने म्हणजे एक टक्क्याच्याही खाली. मग योगायोग म्हणता येत नाही. वाद खरा इथं आहे, कुठला भाव धरायचा, आणि बहुतेक लोक इथपर्यंत पोचतच नाहीत.

भाव ठरवायला जुने गोल निवडून घ्यावे लागतात, जसा माल चाळणीला लावतो. पेनल्ट्या बाजूला काढा. एक्सजी म्हणून आकडा असतो, अमुक जागेवरून अमुक प्रकारे मारलेला फटका गोल होण्याची शक्यता. भाचा संभाजीनगरला इंजिनिअरिंग करतो, तो मोबाइलवर बघून सांगतो. पेनल्टीचा हा आकडा 0.78 च्या आसपास धरतात, म्हणजे पाऊण गोल तर कोणालाही फुकट. स्पोर्टिंगला पेनल्टी ग्योकेरेसची होती, इथं तेव्हा नव्हती. लीड्सविरुद्धचा त्याचा दुसरा गोल पेनल्टीवरचा होता, तोही साका दुखापतीनं बाहेर गेला म्हणून वाट्याला आला. पेनल्ट्या वजा केल्या की भाव उतरतो.

मग जमीन. एमएयूएस-71 हे परभणीच्या विद्यापीठाचं सोयाबीन, इथल्या काळ्या मातीत ते बसलेलं. तेच उद्या कोकणात तांबड्या मातीत पेरलं आणि कमी उतरलं, तर वाण बोगस म्हणणार का? ग्योकेरेसचं मोठं बळ म्हणजे मोकळ्या रानात, डाव्या अंगानं, डिफेंडरला खांद्यावर घेऊन पळणं. इंग्लंडमध्ये आर्सेनलपुढं बहुतेक संघ आपल्या पेनल्टी बॉक्ससमोर बांध घालून बसतात. पळायला रानच नाही. त्यात चेंडू पुरवणारा ओडेगार्ड ऑगस्टपासून खांदा धरून बसलेला, आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला वेस्ट हॅमविरुद्ध गुडघा दुखावून गेला. पिकाला दोष देण्याआधी विहिरीची मोटर चालू आहे का ते बघावं.

आता दाखल्यांबद्दल थोडं, कारण अर्धी भांडणं दाखल्यांवर होतात. बाजू घेणारा हमखास आर्सेनलचा जुना स्ट्रायकर तिएरी आन्री याचं नाव काढतो. 1999 मध्ये युव्हेंटसकडून आला, सुरुवातीचे आठ सामने गोल नाही, आणि हंगाम संपेपर्यंत 26. पुढं क्लबसाठी एकूण 228. विरोधात असणारा स्पेनचा स्ट्रायकर फर्नांडो तोरेस काढतो. जानेवारी 2011 मध्ये 5 कोटी पौंडांत चेल्सीला गेला, पहिला गोल एप्रिलच्या शेवटी वेस्ट हॅमविरुद्ध, आणि त्या हंगामात तो एकच. दोन्ही दाखले खरे आहेत आणि दोन्हींनी काहीच सिद्ध होत नाही. सुरुवात कोरडी गेलेले दोन लोक दोन दिशांना गेले, एवढंच. त्यातल्या त्यात मला डेन्मार्कचा स्ट्रायकर होयलुंड याचा दाखला कामाचा वाटतो. 2023 मध्ये मँचेस्टर युनायटेडला आला. प्रीमियर लीगमधला पहिला गोल थेट 26 डिसेंबरला, ॲस्टन व्हिलाविरुद्ध. पण त्याआधीच चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपभरच्या क्लबांच्या स्पर्धेच्या, गटात त्यानं पाच मारलेले. पोरगं तेच, पाय तेच. मग लीगमध्ये कुठला रकाना भरत होता, हे शोधायला तो दाखला वापरा. नुसता तोंडावर फेकायला वापरू नका.

मुदत घाला. सोयाबीन पेरून आठ-दहा दिवस झाले तरी मोड दिसत नाही तर मी शेतकऱ्याला थांब म्हणत नाही, दुबार पेरणीचं बोलतो. कारण वाट बघण्यालाही पैसे पडतात. तसं फुटबॉलमध्येही 'वेळ द्या, वेळ द्या' म्हणणाऱ्यांना विचारा, किती? आमच्यात ठरलं की दिवाळी. तोपर्यंत दुसरा रकाना पहिल्याच्या दुप्पट झाला, तर मी स्वतः म्हणेन की चुकलं. तारीख ठरली की रोजचं भांडण निम्मं होतं.

बोलण्याच्या रीतीबद्दल एवढंच सांगतो. खेळाडूच्या रंगावरून, देशावरून, आईवरून काही निघालं की टीव्ही बंद करायचा, मॅच कितीही रंगात असो. खेळाडूच्या खात्यावर जाऊन घाण लिहायची नाही. पोरं लिहितात, भाच्याला मी एकदा पुसायला लावलं. आणि तिसरी गोष्ट मी स्वतः चुकून शिकलो. सप्टेंबरच्या शेवटी एक जण जरा जास्तच ओरडत होता, विकून टाका, फेकून द्या. मी सगळ्यांसमोर वही काढली, त्याचा जुना आकडा वाचला, लोक हसले. नंतर कळलं, त्याचं चार एकर त्याच आठवड्यात पाण्याखाली गेलेलं. तो तीन शनिवार आला नाही. चौथ्या शनिवारी मी त्याच्या घरी जाऊन बसलो, फुटबॉलचा विषय काढला नाही, त्यानंच काढला. पावती जपायची, पण कुणापुढं कधी उघडायची ते माणूस बघून.

शेवटची पायरी, गोल आल्यावर काय करायचं. 21 ऑक्टोबर म्हणजे आमचं लक्ष्मीपूजन. दुकानात चोपडीची पूजा झाली, लाह्या-बत्तासे वाटले, आणि रात्री साडेबाराला ॲटलेटिको माद्रिदविरुद्ध मॅच. दुसऱ्या हाफमध्ये आर्सेनलनं चार मारले, त्यांतले दोन ग्योकेरेसचे. पहिला फटका धड बसला नव्हता, डिफेंडरला लागून आत गेला. दुसरा गोलच्या तोंडातून, गॅब्रिएलनं डोक्यानं वळवलेला, अंगानं ढकललेला. फटाके तर बाहेर चालूच होते, त्यामुळं आमचं ओरडणं कुणाला कळलं नाही.

अशा वेळी वही फाडायची नाही. रकाना चौथा पाडायचा, 'धड न बसता गेलेले', कारण खांबाला लागून परतलेले आपण मोजले असतील तर घसरून आत गेलेलेही मोजायला लागतात. मी तसा पाडला आणि दोन्ही गोल तिथं लिहिले. मास्तर म्हणाले, दुसरा त्याचाच धरा, त्या जागेला तो होता म्हणून तर झाला. आडत्या म्हणाला, पहिला डिफेंडरचा. पाडव्याच्या सकाळी हरभऱ्याचं बी न्यायला पहिलं गिऱ्हाईक आलं, तरी दोघं काउंटरवर वाकून त्याच पानावर बोट ठेवून उभे होते.