'अवैध' दिसलं की 'इलिसिट' ठोकू नका

नागपुरात सीताबर्डीवरच्या आमच्या क्लासमध्ये बहुतेक पोरं स्पर्धा परीक्षेची. मराठी उतारा द्यायचा आणि इंग्रजीत करून आणायला सांगायचं, हा माझा जुना उद्योग. मागे एका उताऱ्यात 'अवैध' तीनदा आला होता : अवैध दारू, अवैध पार्किंग, अवैध मते. एका पोराने तिन्ही ठिकाणी 'इलिसिट' लिहून आणलं. मी त्यातले दोन लाल शाईने खोडले, तर म्हणतो, "काहून वो मॅडम? डिक्शनरीत तर हेच आहे!"

डिक्शनरीत आहे, खरं आहे. पण घोळ डिक्शनरीत नाही, आपल्या मराठीत आहे. 'अवैध' या एका शब्दाला आपण तीन गाड्या जुंपतो आणि इंग्रजीत त्या तिन्हींचे बैल वेगळे आहेत. मत बाद झालं तर ते 'इनव्हॅलिड'. हे लक्षात ठेवायला जात वैधता प्रमाणपत्र आठवा. 'कास्ट व्हॅलिडिटी' म्हणत त्यासाठी चकरा मारलेली पोरं प्रत्येक बॅचमध्ये असतात. वैध ते व्हॅलिड, अवैध ते इनव्हॅलिड. फुटपाथवर लावलेली गाडी 'इलीगल' पार्किंगची. नियम मोडला, पण भरदिवसा, सगळ्यांसमोर. राहिली हातभट्टीची दारू. ती मात्र नक्की 'इलिसिट लिकर'.

मग ओळखायचं कसं? मी पोरांना 'चोरटा' लावून बघायला सांगते. चोरटी दारूविक्री, चोरटा व्यापार, चोरटी वाहतूक हे मराठीत सहज बसतं, म्हणून तिथे 'इलिसिट' चालतो. चोरटं पार्किंग कोणी म्हणत नाही. चोरटं मत तर नाहीच नाही. नुसता कायदा मोडला की 'इलीगल'. परवानगी नाही आणि वर लपूनछपून चाललंय, असा वास आला की 'इलिसिट'. ही कसोटी शंभर टक्के चालत नाही, हेही सांगून ठेवते. 'चोरटा कटाक्ष'ला कोणी 'इलिसिट ग्लान्स' केलं तर मी खोडते, तिथे 'स्टोलन' हवं. आणि कन्हानच्या पात्रातल्या रेतीउपशाला 'इलीगल' आणि 'इलिसिट' दोन्ही लिहिलेलं सापडेल. अशा जागी 'इलीगल' लिहून मोकळं व्हावं, त्यात चूक कोणी काढत नाही.

'इलिसिट'च्या मुळाशी परवानगी आहे, आणि तेवढं कळलं की अर्धी भीती जाते. 'परवानगी असणे' अशा अर्थाच्या ज्या लॅटिन क्रियापदापासून 'लायसन्स' आला, त्यातूनच 'लिसिट' आला. त्याला नकार जोडला की 'इलिसिट'. 'सरकारमान्य देशी दारूचे दुकान' ही पाटी आपण रोज बघतो. तिथली बाटली मान्य. तीच बाटली पिशवीत घालून दारूबंदी असलेल्या वर्ध्यात नेऊन चोरून विकली, की बातमीत तिचं 'इलिसिट लिकर' होतं. बाटली तीच, बूच तेच. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. मधल्या सहा वर्षांत तिकडे जाणाऱ्या बाटलीलाही हेच विशेषण होतं. म्हणजे दोष दारूच्या दर्जाचा नाही, परवानगीचा. 'इलिसिट'चा अर्थ 'निकृष्ट' किंवा 'विषारी' लिहिणारे म्हणून चुकतात.

'लिसिट' एकटा क्वचितच भेटतो, पण अफूच्या बाबतीत हमखास भेटतो. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातले काही शेतकरी सरकारी परवान्यावर अफू पिकवतात, ती 'लिसिट' शेती. परवान्याबाहेरची 'इलिसिट'. याच विषयातली आणखी एक गंमत : १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात 'इलिसिट ट्रॅफिक' हा शब्दप्रयोग आहे, आणि १९८८ च्या एका कायद्याच्या नावातच तो आहे. एका मुलीने त्याचं भाषांतर 'अवैध रहदारी' केलं होतं. व्हरायटी चौकातली संध्याकाळ डोळ्यासमोर असेल बिचारीच्या. इथे 'ट्रॅफिक' म्हणजे व्यापार, तस्करी.

संबंधांच्या बातम्यांत सगळ्यात जास्त घसरगुंडी होते. मराठी पेपर 'अनैतिक संबंधातून खून' छापतो. त्याचं 'इलीगल रिलेशन' करू नका, 'इलिसिट अफेअर' करा. सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ ला भारतीय दंड संहितेचं कलम ४९७ रद्द केलं, तेव्हापासून व्यभिचार हा फौजदारी गुन्हा नाही. घटस्फोटाला तो कारण होतो, तुरुंगाला नाही. त्यामुळे 'इलीगल' लिहिलं तर ती भाषेचीच नाही, कायद्याचीही चूक. 'इलिसिट' मात्र टिकतो, कारण त्यात समाजाने न दिलेली परवानगीही मावते. आपण दोन माणसांच्या खासगी गोष्टीला असं विशेषण लावावं का, हा वेगळा वाद आहे. माझं मत विचाराल तर परीक्षेच्या पेपरापुरतंच लावा.

वाक्यात जागा कुठे द्यायची, हेही बघा. हा शब्द नामाच्या आधी बसायला आवडणारा आहे. 'स्मोकिंग हिअर इज इलिसिट' यात व्याकरण मोडत नाही, पण कानाला खटकतं. साध्या मनाईला 'प्रोहिबिटेड' किंवा 'नॉट अलाऊड' पुरे. माणसाला उद्देशून 'ही इज इलिसिट' तर लिहूच नका. अनौरस मुलासाठी जुन्या पुस्तकांत 'इलेजिटिमेट' भेटेल. आज तोही टाळतात. आणि आधीचं उपपद 'ॲन', 'अ' नाही.

स्पेलिंगमध्ये पोरं एक 'एल' खातात आणि 'सी' दोन लिहितात. बरोबर उलटं हवं : दोन 'एल', एक 'सी'. नकाराचा 'इन' पुढच्या 'ल'ला भेटला की 'इल' होतो, जसं आपल्याकडे तत् आणि लीन मिळून तल्लीन होतं, उत् आणि लंघन मिळून उल्लंघन. संधी शाळेत पाठ केला होता ना? इथे कामी आला.

उच्चार इ-लि-सिट, जोर मधल्या 'लि'वर. शेवटचा भाग 'साइट' नाही. अगदी असाच उच्चार असलेला दुसरा शब्द आहे, तो 'ई'ने सुरू होतो आणि त्यात 'एल' एकच. तो क्रियापद आहे, अर्थ बाहेर काढणे : उत्तर काढून घेणे, माहिती काढून घेणे. श्रुतलेखनात दोन्ही सारखेच ऐकू येतात, म्हणून वाक्य संपेपर्यंत पेन थांबवा. शब्दाला शेवटी भूतकाळाचा 'एड' किंवा 'इंग' लागलेला ऐकू आला, की तो 'ई'वालाच. दारूवाल्या 'इलिसिट'ला यातलं काही लागत नाही, फार तर 'ली' लागतं.