तुरटीचा मोठा, पारदर्शक स्फटिक घरी कसा वाढवावा

द्रावणाची व्याख्या पाठ करण्यापेक्षा, विरघळलेला पदार्थ डोळ्यांदेखत पुन्हा घनरूपात येताना पाहावा. त्यासाठी किराणा दुकानातली तुरटी पुरते. मीठ मात्र घेऊ नका. १०० मिलि पाण्यात साध्या तापमानाला सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळते आणि उकळत्या पाण्यातही जेमतेम ३९, त्यामुळे द्रावण थंड केले तरी मीठ फारसे बाहेर पडत नाही. तुरटी २० अंश सेल्सिअसला सुमारे १४ ग्रॅम विरघळते, तर ५० अंशांना सुमारे ३७. आपले सगळे काम या फरकावर चालते.

काचेच्या दोन बरण्या, एक बशी, सुती रुमाल, नायलॉनचा बारीक दोरा आणि पेन्सिल जमवा. पाणी शक्यतो बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड घ्या. बोअरच्या पाण्यातले क्षार स्फटिक बिघडवतात. तुरटीचे द्रावण आम्लधर्मी असते, म्हणून ॲल्युमिनियमचे किंवा लोखंडी भांडे नको.

द्रावण तयार करा

६० ग्रॅम तुरटी कुटून बारीक करा. २०० मिलि पाणी साधारण ६० अंशांपर्यंत तापवा, उकळू नका. मुले करत असतील तर हे काम मोठ्यांनी करावे. तुरटी थोडी थोडी घालून ढवळा. कुटल्याने आणि ढवळल्याने ती लवकर विरघळते, जास्त विरघळत नाही. किती विरघळेल हे तापमानावर ठरते.

द्रावण गढूळ दिसेल. गरम असतानाच चौपदरी रुमालातून गाळून बरणीत घ्या. रुमालावर राहतो तो पाण्यात नुसता तरंगणारा गाळ. विरघळलेल्या तुरटीचे मात्र आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अतिसूक्ष्म कण, झालेले असतात, त्यांना कोणतेही कापड अडवू शकत नाही. साधे मिश्रण आणि द्रावण यांतला फरक इथे स्पष्ट दिसतो.

बीज निवडा

दोन-तीन चमचे द्रावण बशीत ओता. बशी आणि बरणी दोन्ही कापडाने झाकून रात्रभर हलवू नका. सकाळी बशीतून चार-पाच मिलिमीटरचा, स्वच्छ कडांचा, दुसऱ्याला न चिकटलेला एकच कण निवडा. तो लहान असेल तर आणखी एखादा दिवस थांबा. ओबडधोबड बीजातून ओबडधोबड स्फटिकच वाढतो.

बरणीच्या तळाशीही खडे जमलेले असतील. ते जमले याचा अर्थ वरचे द्रावण आता खोलीच्या तापमानाला संपृक्त आहे, म्हणजे त्यात आणखी तुरटी विरघळू शकत नाही. ते अलगद दुसऱ्या बरणीत गाळून घ्या. इथे घाई नडते: कोमट द्रावणात बीज सोडले तर तेच विरघळून जाते. खात्रीसाठी तुरटीची चिमूटभर पूड थोड्या द्रावणात टाकून पाहा. ती विरघळली नाही, तरच पुढे जा.

टांगा आणि वाट पाहा

बीज दोऱ्याला बांधून पेन्सिलीवरून बरणीच्या मधोमध सोडा. तळाला टेकले तर ते एका बाजूने चपटे वाढते. मोकळे लटकले तर आठ त्रिकोणी पृष्ठांचा अष्टफलक होतो. तोंडावर कागद ठेवा. पाणी सावकाश उडायला हवे, कारण घाईत वाढलेल्या स्फटिकात द्रावणाचे थेंब अडकतात आणि तो पांढुरका पडतो.

बरणी खिडकीत किंवा फ्रिजवर ठेवू नका. दुपारी द्रावण तापले तर रात्री साचलेला थर पुन्हा विरघळतो. कपाटाचा आतला कप्पा उत्तम. पावसाळ्यात दमट हवेमुळे वाढ फार मंदावते. हिवाळा यासाठी चांगला. तळाशी किंवा दोऱ्यावर दुसरे स्फटिक दिसले तर ते काढा आणि द्रावण गाळून घ्या, नाहीतर तुरटी त्यांच्याकडे जाते.

मनासारखा आकार आला की टिपकागदाने पुसा, नळाखाली धरू नका. कोरड्या दिसणाऱ्या या स्फटिकाच्या वजनातला सुमारे ४५ टक्के भाग पाण्याचा असतो. कोरड्या हवेत ते हळूहळू निघून जाऊन पृष्ठभाग धुरकट होतो, म्हणून पारदर्शक नेलपॉलिशचा हात द्या. उरलेला चुरा स्टीलच्या जुन्या भांड्यात मंद आचेवर ठेवलात, तर सुमारे ९२ अंशांना तो स्वतःच्याच पाण्यात वितळतो. मग पाणी उडत जाते आणि पांढरी, हलकी लाही फुलते.